वहिनींना दिलेलं मंजन

निरोप आला तेव्हा मी वर्गात शुद्धलेखन घालत होतो. दादांनी बोलावलंय, एवढंच शिपाई म्हणाला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. शाळेच्या वेळात त्यांनी मला कधी बोलावलेलं नाही, त्यामुळे काय झालं ते मला कळलं. वहिनी गेल्या होत्या. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं, ते लिहायचं धैर्य दीड महिन्यानंतर आज गोळा करतो आहे. दुःख मागाहून आलं. आधी आलं ते असं, की आता त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागणार नाही...

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे त्याचे गुण सांगायचे. वहिनींचे गुण सगळ्या आळीला ठाऊक आहेत. मुरुडच्या समुद्रकाठची ही मुलगी लग्न होऊन रत्नागिरीला आमच्या घरी आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि आई नुकतीच गेली होती. माझे दुधाचे दात वहिनींनीच काढले. 'नुसतं बघते हो, हात लावणार नाही,' असं म्हणायच्या, आणि मी आ केला की दात त्यांच्या चिमटीत असायचा. मग तो शेणाच्या गोळ्यात घालून आम्ही दोघं कौलांवर फेकत असू. मी रुसलो की म्हणायच्या, 'भाऊजी, एवढं खोटं चालतं.'

पुढे मी मास्तर झालो आणि मला औषधांचा नाद लागला. हाताला गुण आहे असं चार लोक म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. मी दातांचं मंजन करू लागलो. बदामाच्या टरफलांची राख, बाभळीची साल, सैंधव, तुरटी, लवंग आणि समुद्रफेस. समुद्रफेस वहिनींचा भाऊ मुरुडच्या किनाऱ्यावरून वेचून पाठवी. मंजन साधंच होतं. त्याने कुणाचं वाईट झालं नसतं.

एका पावसाळ्यात वहिनींची डावीकडची वरची दाढ किडली. गाल सुजून डोळा मिटला. लवंगेचा बोळा झाला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, शेक झाला. ठणका थांबेना. दाढ उपटून घ्यायला त्या तयार होईनात. आमच्याकडे वरची दाढ काढली की त्या बाजूचा डोळा अधू होतो अशी समजूत, आणि खरं सांगायचं तर माझीही तीच समजूत होती. बंदरावर मासे विकणाऱ्या बायका मिश्री लावत, तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड. दाढदुखी आम्हांला माहीत नाही, असं त्या सांगत. मी गुपचूप तंबाखू आणली, घरी कुणी नसताना भाजली, वस्त्रगाळ केली आणि चिमूटभर मंजनात मिसळली. वहिनींना सांगण्याची सोय नव्हती. मिश्रीचा वास आला तरी त्या पदर नाकाला लावत. सांगितलं असतं तर त्यांनी डबी विहिरीत टाकली असती.

तासाभरात ठणका थांबला. संध्याकाळपर्यंत आळीतल्या चार घरी बातमी गेली, की भाऊजींच्या मंजनाने दाढ जागच्या जागी थांबली. एकदाच घालायची म्हणून घातलेली चिमूट मग मी नेहमीच घालू लागलो, आणि चिमटीची मूठ कधी झाली ते कळलं नाही. लोक डब्या घेऊन येत. मी पैसे घेत नसे. मला हवं होतं ते नाव, ते मिळत होतं.

वहिनी आधी सकाळी दात घासत. मग दुपारी जेवणानंतर घासू लागल्या. मग तिसऱ्या प्रहरी निवडटिपण करताना गालात बोटभर धरून ठेवू लागल्या. एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारी ही बाई त्या दिवशीही डबी उघडत असे. दादा चेष्टेने म्हणाले, 'उपास मोडला की काय?' त्यावर म्हणाल्या, 'मंजन म्हणजे काय खाणं आहे?' आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. एकदा डबी संपली आणि मी दापोलीला गेलो होतो, तर दोन दिवस त्यांचं डोकं चढलं, मोलकरणीवर ओरडल्या, आणि मी परतल्यावर आधी डबी मागितली आणि मग प्रवासाची चौकशी केली. काय झालं आहे ते मला तेव्हाच समजलं होतं. मी डबी भरून दिली.

अशी आठ वर्षं गेली. गेल्या वैशाखात त्यांच्या डाव्या गालात आतून एक जखम झाली. दुखत नव्हती, पण भरतही नव्हती. आमच्याकडे दातांचा वेगळा डॉक्टर नाही. दवाखान्यातले डॉक्टरच चिमट्याने दाढा काढतात. दादांना कचेरीतून सुटी मिळेना म्हणून वहिनींना मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, गालावरून बोट फिरवलं आणि विचारलं, 'बाई, तंबाखू खाता? मिश्री लावता?'

वहिनी संतापल्या. 'आमच्या घरात असलं काही शिरत नाही. विचारा आमच्या भाऊजींना. ते मास्तर आहेत.'

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो. मी म्हणालो, 'नाही.'

त्या एका शब्दावर डॉक्टरांनी निदान बदललं. तुटक्या दाढेची धार गालाला घासते आहे, तिने जखम झाली, दाढ काढली की भरेल. दाढ काढली. जखम भरली नाही, पसरली. तोवर पावसाळा लागला आणि मुंबईच्या बोटी बंद झाल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही हळदीचे लेप लावत बसलो. बोटी सुरू झाल्यावर दादा त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथे सांगितलं, कर्करोग आहे, वैशाखात आणायला हवं होतं. दादांचं पत्र आलं, त्यात होतं, 'इथले डॉक्टरही तंबाखूचंच विचारतात. यांना दुसरं काही सुचत नाही.'

परत आल्यावर त्यांचं तोंड बोटभरही उघडेना. पेजेची निवळ चमच्याने ओठांच्या कडेतून घालावी लागे. खोलीत वास येई, त्यांनाही तो येत असे, म्हणून कुणी आलं की भिंतीकडे वळत. मंजन देणं मी बंद केलं होतं. त्या हाताच्या खुणेने मागत. मी म्हणे, डॉक्टरांची मनाई आहे. मग त्या माझ्याकडे अशा बघत, की जणू मी त्यांची एकुलती सुटका मुठीत धरून बसलो आहे.

एका दुपारी मला ते सोसवलं नाही. खोलीत दोघंच होतो. मी सगळं सांगितलं, भाजलेल्या तंबाखूपासून डॉक्टरांपुढच्या 'नाही'पर्यंत. वाटलं होतं, शिव्या देतील, निदान रडतील... त्या भिंतीकडून माझ्याकडे वळल्या. मग फार कष्टाने, शब्द चाचपत बोलल्या, 'म्हणजे माझ्या सगळ्या एकादशा...' पुढचं बोलता आलं नाही. मी आणलेल्या मरणाचं त्यांनी काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी मंजन मागितलं नाही. माझ्या हातचं लवंगेचं तेलही लावून घेतलं नाही, पेजही दादांच्याच हातून घेतली. सतरा दिवस, शेवटपर्यंत, त्या ठणका तसाच सोसत होत्या. खरं बोललो म्हणून मला क्षणभर हलकं वाटलं होतं. ते ओझं मी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं, एवढंच झालं होतं.

वहिनींच्या चौदाव्या दिवसानंतर दादांनी मंजन मागितलं. तेही तेच वापरत. मग त्यांनाही सांगितलं. दादा अंगणात दोरीवर धोतर वाळत घालत होते. त्यांनी ते नीट झटकलं, टोकं जुळवली आणि विचारलं, 'तिने डॉक्टरांपुढे तुझं नाव घेतलं, तेव्हा तू दारातच होतास ना?'

'होतो,' मी म्हणालो.

त्यांनी धोतर दोरीवर टाकलं आणि ते आत गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

हे लिहिण्याचं कारण एवढंच, की माझ्या हातची डबी कुणाच्या घरी असेल तर ती टाकून द्यावी, आणि गालात न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना खरं सांगावं. पण लिहून काय होईल, मला ठाऊक नाही. परवाच मागच्या आळीतल्या एक बाई दारात आल्या, गाल सुजलेला, हातात रिकामी डबी. मी त्यांना बसवलं आणि त्यात काय घालत होतो ते सांगितलं. वहिनी कशाने गेल्या तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गालावरचा पदर जरा दाबून धरला आणि डबी पुढे केली.

'असूंदे मास्तर. दाढ थांबते ना?'