दोऱ्याचं दुसरं टोक

"रगत लाल न्हाई दावायचं गं, काळं दावायचं. कितींदा सांगू? डुकराच्या गळ्यावर सुरी फिरली की पयल्या घटकेला काय लाल दिसंल तेवढं. पायरीवर सांडलं, दोन माश्या बसल्या, की काळंच. तुमच्या शिनेमातलं रगत सांजंपतुर लालच ऱ्हातंय. त्ये रगत हाय का मिरचीची चटणी?"

"चटणीच होती, मावशी," नेव्हेना म्हणाली. "तुझ्याच बरणीतली."

"आन् मला न इचारता घेतलीस?"

"तू शेळ्या चारायला गेली होतीस."

वेलिकानं दुधाचं फडकं पिळलं आणि बहिणीच्या पोरीकडं असं बघितलं, की बरणीचा हिशेब पुढं कधीतरी होणार हे त्या पोरीला कळून चुकलं. दोल्ना क्रुशा गावात वेलिकाशी वाद घालायला माणसं दोनदा विचार करायची. बावीस शेळ्या, एकटी बाई, साठीला दोन वर्षं कमी. नवरा ट्रक घेऊन परदेशी गेला तो तिकडंच राहिला. मेला नाही, नुसता राहिला. तो गेल्यावर घरात एक व्हिडिओचं यंत्र आणि आठवडी बाजारातल्या कॅसेटींचं एक पोतं उरलं. पोत्यात सगळी भुतंच निघाली, आणि तीही स्वस्तातली. कुणाचा रबराचा हात, कुणाच्या डोळ्यांत पिवळी काच, थडगं म्हणावं तर ते वाऱ्यानं हलतंय. दुसरी बाई असती तर तिनं पोतं चुलीत घातलं असतं. वेलिकानं एकेक कॅसेट तीन-तीनदा बघितली आणि मत बनवलं.

तिची मतं अख्ख्या गावाला तोंडपाठ होती, कारण चीज घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती चीजबरोबर मिळायची. भुताचे दात दिसले की शिनेमा संपला, कारण मग माणूस हिरड्या बघत बसतो. ज्या भुताला लई पैसा मिळाला ते माजतं, सारखं पुढं पुढं करतं. गरिबाचं भूत दाराआड थांबतं, कारण दाराबाहेर येऊन दाखवायला त्याच्यापाशी काहीच नसतं. आणि दिसणाऱ्या भुतापेक्षा बंद दार बरं.

पण सगळ्यांत जुनं मत दोऱ्याचं होतं. ती आठ वर्षांची असताना गावात गाडीवरून शिनेमा आला होता. वाचनालयाच्या भिंतीवर चादर टांगली होती. त्यात एक वटवाघूळ उडालं, आणि वटवाघळाचा दोरा सगळ्यांना दिसला. गाव पोट धरून हसलं. एकटी वेलिका रडत घरी गेली. आईनं विचारलं, "आगं, वाघळाला भ्यालीस व्हय? रबराचं हुतं ते!" तर पोरगी म्हणाली, "वाघळाला न्हाई. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण हुतं?"

पन्नास वर्षं झाली, तिला उत्तर मिळालं नव्हतं. त्यासाठीच तर ती दर रविवारी दुपारी तीनला त्याच वाचनालयाच्या सभागृहात शिनेमा लावायची. तीन ते पाच. सहाला शेळ्या पिळायच्या असतात. खिडक्यांचे पडदे गळके, भर उजेड. ती म्हणायची, "अंधारात कुणीबी घाबरवंल. दुपारच्याला घाबरवून दावा." आणि ती स्वतः पडद्याकडं बघायचीच नाही. बाजूच्या भिंतीला बाकडं लावून बसायची आणि लोकांचे पाय बघायची. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हसतो, शिटी मारतो. पण खरंच भ्याला की पाय जमिनीवर ठेवत नाही. खुर्चीखाली ओढून घेतो, नाहीतर पुढच्या खुर्चीच्या दांडीवर चढवतो. पाय खोटं बोलत नाहीत.

अडचण एकच होती. पाय फार नव्हते. हल्ली सभागृहात चार माणसं यायची, त्यातला निवृत्त बसवाला बसल्या बसल्या घोरायचा आणि झोपलेल्याचे पाय मोजता येत नाहीत. बुधवारी सरपंच त्सान्को गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"वेलिकाबाई, पेंडवाला ते सभागृह मागतोय. पोती ठेवायला."

"पोत्यास्नी शिनेमा कळत न्हाई."

"मान्सास्नी तरी कुटं कळतोय? ह्या रविवारी पंधरा डोकी दिसली तर बोलू. न्हाईतर सोमवारी कुलूप बदलतो. मी सवता येऊन मोजणार हाय."

म्हणून आज, गुरुवारी, नेव्हेना शहरातून आली होती. ती तिथं छपाईच्या दुकानात कामाला होती आणि उन्हाळ्यात तिनं दोन मैत्रिणींना घेऊन फोनवर एक शिनेमा केला होता. चाळीस मिनिटांचा. गावातच. मेलेला माणूस चाळिसाव्या दिवशी आपली टोपी शोधत घरी येतो, एवढीच गोष्ट. मेलेला झाला होता मिन्यो, मधमाश्यावाला, कारण त्याला कॅमेऱ्यासमोर गप्प बसता यायचं.

"ह्योच लावू," वेलिका म्हणाली. "आपलीच वाट, आपलंच फाटक बघाया येतील. आन् जाहिरात आशी कर, की खांबाजवळ मानूस थबकला पायजे. काळ्या चौकटीचा कागद कर, कुणी मेलं की खांबावर लावत्यात तसा. मिन्योचा फोटू. खाली लिव्ह: रविवार, दुपारी तीन, वाचनालय. त्याच्या खाली बारीक अक्षरात शिनेमाचं."

"मावशी, लोकांना खरं वाटेल."

"मिन्यो मेला? परवा माज्याकडनं दही घेऊन गेलाय आन् भांडं आजून परत केलं न्हाई. त्यो भांडं दिल्याबिगर मरायचा न्हाई, समद्यांला ठावं हाय. हसतील आन् येतील."

शुक्रवारी संध्याकाळी नेव्हेनानं कागद आणले आणि दोघींनी ते खांबांवर, बसथांब्यावर, पाणवठ्याजवळच्या पाटीवर चिकटवले. त्या पाटीवर आधीच गावातली निम्मी मेलेली माणसं होती, कुणी नवी, कुणी वर्षाची, कुणी दहा वर्षांची. मिन्यो त्यांच्यात शोभून दिसत होता.

वेलिकानं एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. गुरुवारी दुपारीच मिन्योला त्याची लेक प्लोव्हदिव्हला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेली होती. घराला कुलूप. फोन नेहमीप्रमाणं फळीवर पडलेला. आणि दुसरी गोष्ट ती जन्मापासून बघत आली होती, म्हणून ती तिला दिसलीच नाही: दोल्ना क्रुशात काळ्या चौकटीचा कागद कुणी वाचत नाही. तोंड बघतात, वेळ बघतात, आणि घरी जाऊन काळे कपडे चढवतात. बारीक अक्षरं हा मेलेल्याच्या घरच्यांचा मामला.

रविवारी अडीच वाजताच वाटेवर माणसं दिसायला लागली. वेलिकानं दारातून बघितलं आणि तिची छाती फुगली. पंधरा कसले, चाळीस तरी असतील! मग ती जवळ आली. काळे रुमाल. काळ्या टोप्या. हातात फुलं. तिनं पहिल्या बाईच्या हातातली फुलं मोजली: दोन. दुसरीच्या: चार. जिवंत माणसाला कुणी जोडीनं फुलं देत नाही; सम आकडा मेलेल्याचा.

"देवा रं," ती पुटपुटली. "ही तर माती द्याया आल्यात."

सगळ्यांच्या मागून द्रागना आजी येत होती. ऐंशी वर्षांची, वाकलेली, आणि हातात ही एवढी परात. उकडलेला गहू, साखर, अक्रोड, वरून पिठीसाखरेचा क्रूस. गावात कुणी गेलं की गहू द्रागनाच शिजवायची.

"कुटं ठेवलाय त्याला?" तिनं दारातच विचारलं. "डोळं तरी नीट मिटलं का?"

माणसं खुर्च्यांवर बसली. तिसऱ्या रांगेत त्सान्को टोपी मांडीवर ठेवून डोकी मोजत होता, आणि मोजता मोजता ओठ हलवत होता. वेलिकाला स्वच्छ दिसलं. पडदे ओढून शिनेमा सुरू केला, की झालं. मोजदाद पक्की, कुलूप वाचलं. बोलली, तर माणसं उठणार, सभागृह रिकामं, सोमवारी पोती.

ती बाकड्यावर बसली. पाय बघितले. चाळीस जोड्या, सगळ्या टाचा टेकवून, घट्ट, कोंबडीनं अंड्यावर बसावं तशा. दुःखाला बसलेल्या माणसाचे पाय हलत नसतात. ह्या पायांवरून काय कळणार होतं? आणि मिन्योच्या नावानं रडवून मोजलेली डोकी घेऊन ती पाणवठ्यावर तोंड कसं दाखवणार होती?

ती उठून पडद्यासमोर गेली.

"आयका. मिन्यो जित्ता हाय."

त्सान्कोचे मोजणारे ओठ थांबले.

"पोस्टर हुतं ते, शिनेमाचं. मिन्यो शिनेमात मेलाय. त्यो डोळ्याच्या आपरेशनला गेलाय. सकाळी त्याच्या लेकीला फोन केला आसंल तर मिन्योच्या डोळ्याला पट्टी हाय आन् त्यो द्राक्षं खातोय. खाली लिवलं हुतं बारीक. तुमी वाचलं न्हाई."

"केला आसंल तर म्हंजे?" कुणीतरी ओरडलं. "केलास का न्हाई?"

"आत्ता नेव्हेना करतीय."

कोपऱ्यातून नेव्हेनानं फोन वर धरला. त्यातून मिन्योचा आवाज आला, "कोण मेलंय?" आणि सभागृहाचा जो काय बांध फुटला!

"मी बोललो न्हवतो? भुतं बघून बघून येडी झालीया ही!"

"माजी आठ फुलं गेली!"

"आरं, मी त्याची मधाची दोन पोळी उचलून घरी न्हेली, म्हटलं आता माश्यांला कोण बघणार!"

"तर ती आजच्या आज परत ठेव, चोरा!"

माणसं उठली. खुर्च्या खरडल्या. त्सान्कोनं टोपी घातली आणि वेलिकाकडं बघून नुसती मान हलवली. तेवढ्यात द्रागनाची काठी फरशीवर आपटली.

"बसा खाली!"

बसली.

"म्या पाटंपास्नं चुलीम्होरं हाय," द्रागना म्हणाली. "मेल्याच्या नावानं शिजवलेलं परत उंबऱ्याच्या आत न्यायाचं नसतं. कुत्र्याला घालायचं नसतं. टाकायचं तर न्हाईच न्हाई. मिन्यो मेला न्हाई ही मिन्योची चूक, गव्हाची न्हाई. परात संपल्याबिगर एकबी मानूस दाराभाईर जायाचा न्हाई. वाटी आन गं कुणीतरी."

गहू वाटला गेला. चाळीस माणसं काळ्या कपड्यांत गोड गहू चावत बसली, आणि चावताना माणसाला कुठंतरी बघायला लागतं. वेलिकानं खिडक्यांचे पडदे ओढले आणि नेव्हेनानं फोन प्रोजेक्टरला जोडला.

मिन्यो थडग्यातून उठला. लोक खो-खो हसले. "आगं, त्याची पँट बघ!" "ती माजी हाय, मागून न्हेली हुती!" चटणीचं रक्त आलं तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी पाव मागितला. वेलिका पायांकडं बघत होती. पाय सैल, पसरलेले, मजेत. मिन्यो घराच्या खिडकीत आला, तरी सैल. अर्धा तास गेला. परात रिकामी झाली. द्रागनानं ती उलटी करून दाखवली, म्हणजे आता जायला मोकळे. पण कुणी उठलं नाही. वेलिकानं ते ध्यानात ठेवलं.

मग शेवट आला. मिन्यो आता दिसतच नव्हता. नुसती गावची वाट, सकाळचं ऊन, आणि कॅमेरा एकेका फाटकावरून चाललेला. प्रत्येक फाटकावर काळ्या चौकटीचा कागद, त्यात मिन्यो. एक फाटक, मिन्यो. दुसरं, मिन्यो. मग एक हिरवं फाटक आलं. त्यावरही कागद होता. काळी चौकट होती. आत काही नव्हतं. तोंड नाही, नाव नाही, पांढरं.

कॅमेरा तिथंच थांबला. थांबूनच राहिला.

वेलिकाच्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतले पाय खुर्चीखाली गेले. मग दुसऱ्या. वाऱ्यानं गव्हाची ओळ वाकावी तसे मागपर्यंत गेले. तिसऱ्या रांगेत त्सान्कोचे बूट जमिनीपासून वर उचलले गेले आणि पुढच्या दांडीला जाऊन चिकटले.

"ते माजं फाटक हाय," द्रागना हळू आवाजात म्हणाली. "कुणाचा फोटू लावायचा ऱ्हायलाय?"

शिनेमा संपला होता.

बाहेर पडताना माणसं नेहमीपेक्षा जवळ जवळून चालत होती. त्सान्को दारात रेंगाळला.

"ही माणसं मिन्योसाठी आल्ती. धरता यायची न्हाईत."

"बरं. आन् गहू संपल्यावर कशापायी बसली?"

तो टोपी फिरवत राहिला.

"सरपंच, तुमचं पाय कुटं हुतं?"

"माजं पाय? कुटं म्हंजे?" त्यानं खाली बघितलं. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी. कागदाबिगर. पंधरा. पेंडवाल्याला सांगतो आठ दिवस थांब म्हनून." आणि निघून गेला.

खुर्च्या लावून, परात-वाटी धुऊन द्रागनाच्या हाती दिल्यावर वेलिका घाईघाईनं गोठ्याकडं निघाली. सहा वाजून गेले होते आणि शेळ्यांची ओरड वाटेपर्यंत ऐकू येत होती. नेव्हेना मागून पळत आली.

"मावशी, वाईट वाटलं का गं?"

"गप. त्यो कोरा कागद. त्यो कुणाच्या डोक्यातनं निगाला? तुज्या का त्या मैत्रिणींच्या?"

"कुणाच्याच नाही. शाई संपली. चौकटी आधीच छापल्या होत्या, शुक्रवारच्या शेवटच्या कागदावर फोटो-नाव काही उठलंच नाही. फेकून द्यायचा होता, मग आज सकाळी म्हटलं, वाया कशाला घालवा? उरलेले कागद एकेका फाटकावर लावून, शूट करून काढत गेले, शेवटी हा. तसा नवा शेवट जोडून टाकला."

वेलिका वाटेत थांबली.

"शाई संपली," ती म्हणाली. "म्हंजे दुसऱ्या टोकाला कुणीच न्हवतं."

"काय?"

"काय न्हाई. जास्त शाई आसती तर तू तितं मिन्यो छापला आसतास आन् ती माणसं पाव मागत बसली आसती." ती पुन्हा चालायला लागली, आणि चालता चालता एकदम वळली. "नेव्हे. त्यो कागद. काढलास न्हवं?"

नेव्हेनानं मागं हिरव्या फाटकाच्या दिशेनं वळून बघितलं.

"सकाळी लावलास आन् काढला न्हाईस?"

"घाईत होते. आजी तेव्हा परसातल्या चुलीवर गहू उकडत होती, नंतर मागच्या वाटेनं वाचनालयात आली, तिला दिसलाच नाही..."

"आन् आता म्होरल्या वाटेनं घरी निगालीय, आंधारायच्या आत! आगं पळ! वड्याच्या कडंनं जा, म्हातारी काठी टेकत जाती, गाठशील तिला. पळ म्हन्ते ना!"

नेव्हेना पळाली. वेलिकानं तिचे पाय बघितले, धूळ उडवत कुंपणाआड जाईपर्यंत. मग गोठ्याचं दार उघडलं, बादली धुतली, तिवई ओढली. पहिली शेळी कास भरून तटतटलेली, तिनं रागानं बादलीला लाथ घातली.

"व्हय गं बाई, व्हय," वेलिका म्हणाली, आणि पिळायला बसली.