पानिपतचे दोडके

आमच्या आडनावात इतिहास नाही, भाजी आहे. आम्ही दोडके. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी पणजोबांच्या मांडवावर दोडके अतोनात लागायचे, म्हणून लोक आम्हाला दोडके म्हणू लागले. पुढे वडिलांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली, ते करोल बागेत भाड्याने राहिले आणि मी द्वारकेत फ्लॅट घेतला. म्हणजे आमच्या घराण्याचं दिल्लीतलं सगळं स्थलांतर मेट्रोच्या ब्लू लाईनवर, गाडी न बदलता पाहून होतं! एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं.

पण सईचं लग्न ठरत होतं. आमच्या या एकुलत्या एक लेकीने गुडगावच्या ऑफिसात स्वतःचा नवरा स्वतःच शोधला होता. अभिजित किल्लेदार. मुलगा गुणी, वडील फौजेत सुभेदार, राहणार कॅन्टोन्मेंट. आम्ही नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. त्या रविवारी अभिजित आणि त्याचे आईवडील आमच्याकडे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि सुभेदारांनी सहज सांगितलं की त्यांचे पूर्वज एका लहानशा गडाचे किल्लेदार होते. मग तितक्याच सहज त्यांनी आमच्या आडनावाची चौकशी केली.

दिल्लीतल्या मराठी माणसाला एक खोड असते. पाहुणा समोर बसला की त्याचा पूर्वज पानिपतावर लढू लागतो. (इतक्या जणांचे पूर्वज खरोखर लढले असते, तर ती लढाई आपण जिंकलो असतो.) माझ्या डोळ्यांपुढे गड आला, मग आमचा मांडव आला, आणि जीभ सुटली.

मी म्हणालो, दोडके हे काही आमचं खरं आडनाव नव्हे. आमचे पूर्वज पानिपतावर लढले. जखमी झाले, मागे राहिले. शत्रूने ओळखू नये म्हणून भाजीवाल्याचा वेश घेतला, डोक्यावर दोडक्यांची पाटी घेतली, आणि दोडके विकत विकत पार नगरपर्यंत आले! (भर थंडीत दोडके कुठून मिळाले, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.) स्वयंपाकघरातून सुनंदा, म्हणजे आमची ही, दोनदा खोकली. तो खोकला मला ओळखता यायला हवा होता.

सुभेदार पुढे सरकून बसले. "मग मूळ आडनाव काय?"

आता मूळ आडनाव कुठून आणायचं? पण ते आपोआप तोंडात आलं. भारदस्त, तलवारीला शोभेलसं. मी म्हणालो, "रणसिंग."

सुभेदार उठले आणि त्यांनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा त्यांच्या मिशीत अडकला. किल्लेदार हा त्यांचा नुसता हुद्दा होता. मूळचे ते रणसिंगच! (हे सईने मला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. मी तेव्हा पेपर वाचत 'अच्छा' म्हटलं होतं. आडनाव डोक्यात राहिलं, कुणाचं ते विसरलो.)

मी भाऊबंदाच्या मिठीत असताना सुभेदारांच्या बायकोने कपबशी खाली ठेवली.

"म्हणजे पोरं बहीण-भाऊ झाली," त्या शांतपणे म्हणाल्या. "एका कुळात सोयरीक कशी करायची?"

मी एकटाच हसलो. अभिजित सईपासून दोन वीत लांब सरकून बसला. मी घाईघाईने म्हणालो की आमचे पूर्वज बहुधा दत्तक असावेत. सुभेदार म्हणाले, दत्तक आला तरी कूळ रणसिंगांचंच. मी म्हणालो, रणसिंग दोन प्रकारचे असतील. ते म्हणाले, बिल्कुल नाही. सई दात ओठ खात म्हणाली, "बाबा, प्लीज यार, आता बोलू नका."

तोवर सुभेदारांनी गावाकडे व्हिडिओ कॉल लावला होता. फोनमध्ये त्यांचे थोरले चुलते दिसले. सगळ्या भावकीत वडीलधारे. त्यांना सगळं सांगितल्यावर म्हातारबाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी टोपी काढली.

"आमचा एकजण पानिपताहून आलाच नाही," ते म्हणाले. "दर सर्वपित्रीला त्याचं एक पान वेगळं वाढतो. माझा आजा वाढायचा, बाप वाढायचा. तुम्ही त्याचे का हो?"

त्यांचे डोळे भरले होते. इतका वेळ मी सोयरिकीच्या भीतीने घामाघूम झालो होतो, आता मला खरोखर लाज वाटली. नुसत्या फुशारकीपायी मी त्या न परतलेल्या माणसाच्या पानावर जाऊन बसलो होतो. समोर लेक रडवेली, आणि फोनमधला म्हातारा माझ्या चेहऱ्यात आपला माणूस शोधत होता.

"नाही हो आजोबा," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. आमच्यातला कुणीही पानिपताला गेला नाही. आमच्या घराण्यातून तिथे गेलेला पहिला माणूस मी. चादरी आणायला."

मी जमिनीकडे बघत होतो. फरशी स्वच्छ होती, एवढंच आठवतं.

"बरं," फोनमधून आवाज आला. "मग पान वाढत राहू."

यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात जोडले, पण मान काही वर होईना.

आता सोयरीक मोडणार, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात सुभेदारांच्या बायकोने देव्हाऱ्याकडे तोंड करून नमस्कार केला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"देव पावला बाई," त्या सुनंदाला म्हणाल्या. "तुमचे हे खोटारडे निघाले."

मुलीचा बाप खोटारडा निघाला की लग्नं मोडतात. आमच्या सईचं तेवढ्यावरच जमलं!