काळ्यावर काळं

बुरुलायला तुम्ही गरीब गाय समजाल. नारीन गावच्या आमच्या जलमापन कचेरीत तिचा साहेब तोक्तोसूनही सहा वर्षं तेच समजत होता. नद्यांच्या पाण्याचा रोजचा तक्ता काढणारा प्रोग्रॅम तिने लिहिलेला. हा नुसता पडद्यावर न्याहाळायचा, छापायचा आणि खाली स्वतःची लफ्फेदार सही ठोकायचा. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा त्या सह्यांच्या जोरावर नाव त्याचंच वर गेलं.

वर आणखी मागणी! "अगं, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं, मयताची यादी वाटते. रंग भर. बाईमाणूस ना तू? नटवता येत नाही?"

"येतं की, आगाय," असं साहेबाला मानाने म्हणत तिने मान खाली घातली आणि हसली. ते हसणं फक्त मी पाहिलं. मी तिथला म्हातारा नकाशेवाला. काम कमी, डोळे फार.

फुगलेली नदी लाल झाली, शांत नदी हिरवी. तोक्तोसून खूश.

निवडीच्या दिवशी राजधानी बिश्केकहून मोठ्या बाई आल्या. चहा आला, तळलेल्या पिठाचे बोरसोक आले. तोक्तोसूनने ताजा तक्ता छापून पुढे सरकवला. वडीलधाऱ्याचा मान म्हणून बाईंनी तो माझ्या हाती दिला. "अक्साकाल, तुम्ही वाचा."

कागदावर रंग कुठले! रंगांसाठीच्या खुणांचा थोडा कचरा, बाकी सगळं काळं. पण प्रत्येक ओळीला शेपूट फुटलेलं. मी चष्मा पुसला, खाकरलो आणि चवीने सुरू केलं, "नारीन, दोन मीटर, हे काम बुरुलायचं. अत-बाशी, दीड मीटर, हे काम बुरुलायचं..."

"पुरे!" तोक्तोसून ओरडला.

"पुरे कसं? अजून एकवीस नद्या आहेत."

"यंत्र बिघडलंय, बाई!"

"मग करा दुरुस्त."

तो पडद्याला नाक लावून बसला. लाल ओळी, हिरव्या ओळी. शेपूट एकीलाही नाही. घाम पुसतोय, पुन्हा चालवतोय. बुरुलायने तिसरा बोरसोक चहात बुडवला.

"आगाय, नीट नटवलंय ना?" मग बाईंकडे वळून म्हणाली, "तेवढे शब्द मी काळ्या रंगात लिहिलेत. काळ्या पडद्यावर दिसत नाहीत, कागदावर दिसतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त नाव खोडून दुसरं लिहिलं.

पुढे प्रमुखीणबाई झालेल्या बुरुलायला मी म्हटलं, "आता तरी काढ ते शब्द."

"काढले असते, अक्साकाल," ती म्हणाली, "पण तक्ता छापून आणायचं काम अजून आगायकडेच आहे."