जोहाराला वन्स मोअर

माझा बाप स्टेजवर वाकलेला होता आणि सांगलीचं अख्खं थिएटर ओरडत होतं, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

खांद्यावर नवी शाल. डाव्या हातात नारळ. उजवा हात फळ्यांना टेकलेला. नारळ पडू नये म्हणून म्हातारा तो पोटाशी धरून वाकला होता, त्यामुळं जरा तिरका झाला होता. त्यालाही लोक हसले.

पहिली टाळी माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. ते लपवून बाकीचं सांगण्यात काय अर्थ?

माझा बाप उंब्रजजवळच्या एका खेड्यात येसकर होता. महारकीचं काम. गावात कुणी मेलं की दहा कोस सांगावा घेऊन पळायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, आणि गावातलं मोठं माणूस दिसलं की कमरेत वाकून, हात भुईला लावून म्हणायचं, "जोहार मायबाप." आज्यानं हेच केलं, पणज्यानं हेच केलं. मग जर्मनच्या लढाईच्या दिवसांत आमच्या लोकांची सभा झाली आणि ठरलं की जोहार बंद. सभेत हात वर करायला काय जातंय? सकाळी पाटलाच्या पुढ्यात जायचं कुणी?

माझा बाप गेला. येसकराची घुंगराची काठी त्यानं चावडीच्या पायरीवर ठेवली, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "रामराम, पाटील."

एवढंच. दोन शब्द. त्यावर पाटलाच्या सांगण्यावरून वाण्यानं आमच्या वस्तीचं मीठ-तेल तोडलं. रानात कुणी कामाला बोलवेना. तीन महिने. आई उंब्रजच्या बाजारातून पदराखाली लपवून मीठ आणायची. कधी मिळायचं, कधी नाही. अळणी कालवण खाऊन माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा ताटच भिरकावलं. बापानं ते उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटलाच्या दारावरून गेला, ताठ.

अशा माणसाचा मी पोरगा. आणि मला लागलं नाटकाचं वेड.

सातवी झाली आणि मी सांगलीला हळदीच्या वखारीत कामाला लागलो. पोती भरायची, शिवायची, रचायची. अंग पिवळं, घाम पिवळा, अंथरूण पिवळं. कितीही घासा, निघत नाही. रविवारी तसाच जाऊन नाटकाच्या पिटात, म्हणजे स्टेजपुढच्या स्वस्त जागेत, पहिल्या बाकावर बसायचो. नाटक कंपनीचा मुख्य नट म्हणजे माझा जीव की प्राण. कंपनी त्याच्याच मालकीची, म्हणून सगळे त्याला मालक म्हणत. मीपण म्हणायचो. त्याची पदं मला पाठ, भाषणं पाठ, कुठल्या वाक्याला रुमाल झटकतो तेसुद्धा पाठ. त्याचा फोटो मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. रोज सदरा काढताना दर्शन.

कंपनीच्या बिऱ्हाडावर आम्ही दहा-वीस जण दाराशी ताटकळत उभे असायचो. तो दात घासत बाहेर यायचा आणि मला बघून म्हणायचा, "काय हळद्या, आलास का?" बस्स. त्या एका हाकेवर माझा आठवडा निघायचा. एवढ्या गर्दीत आपल्याला नाव आहे, असं वाटायचं. वेडा रं, वेडा मी!

त्या साली त्यानं नवीन नाटक काढलं. त्यात तो महार झाला होता. तोंडाला काजळी, अंगावर फाटकं घोंगडं, कमरेला शिळी भाकर. स्टेजवर येईल त्याला जोहार. सावकाराला, सावकाराच्या गड्याला, खुंटीवरच्या पगडीला आणि शेवटी कुत्र्याला. कुत्र्याच्या जोहाराला लोक बाकांवर उड्या मारायचे. वन्स मोअर पडायचा, की तो पुन्हा वाकायचा. मीपण हसलो. चार खेळ हसलो. पाचव्याला जरा कमी हसलो, पण गेलो.

एके दिवशी बिऱ्हाडावर त्यानं विचारलं, "हळद्या, तुझा बाप येसकर होता म्हणे? खरा जोहार कसा घालतात रे? माझा हात नीट पडत नाही."

"मला येत न्हाई, मालक. माझ्या बापाला येतो."

"मग आण की त्याला! स्टेजवर सत्कार करू. शाल देऊ, नारळ देऊ. एकदा अस्सल जोहार घालून दाखवेल ना?"

"दावतील की," मी म्हणालो. बापाला न विचारता म्हणालो.

मी घरी कागद लिहिला, आबा, इथं मोठा नट तुमचा सत्कार करणार आहे, या. जोहाराचा शब्द त्या कागदात घातला नाही. मुद्दामच घातला नाही.

आबा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा फेटा. स्टेशनावर उतरला आणि पहिलं विचारलं, "सत्कार कशापायी रं? म्या काय केलंय?"

"तुमी पाटलापुढं ताठ उभं ऱ्हायला न्हवं का? त्यापायी."

खोटं. तोंडावर खोटं बोललो. आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! रस्ताभर तो एकटाच मान हलवत चालला होता.

रविवारचा दुपारचा खेळ. पहिल्या बाकावर आम्ही दोघं. पडदा उघडला, काजळीचं तोंड आलं, लोक हसायला लागले. आबा हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "ह्यो आपल्यातलाच दावलाय न्हवं?"

मी म्हणालो, "नाटक हाय, आबा."

मध्यंतराच्या आधी मालकानं त्याला वर बोलावलं. तोंडाची काजळी तशीच ठेवून शाल घातली, नारळ दिला. म्हणाला, "मंडळी, हे माझे गुरू! आता अस्सल जोहार बघा."

आबा म्हणाला, "त्यो सोडला आमी, साहेब."

आवाज स्वच्छ होता. मागच्या बाकांपर्यंत गेला असणार. क्षणभर कुणी हसलं नाही. मग मालकच हसला. "अहो, नाटकापुरता! तुमचा पोरगा मला शब्द देऊन बसलाय."

आबानं माझ्याकडं बघितलं. समोरच्या दिव्यांमुळं त्याला मी नीट दिसत नव्हतो, म्हणून डोळ्यांवर हात धरून बघितलं. मी काय करायला पाहिजे होतं? नाही म्हणायचं होतं. मी मान हलवली. घाला, असं.

म्हातारा वाकला. टाळी मी वाजवली.

वन्स मोअर पडला. पुन्हा वाकला. पुन्हा वन्स मोअर. शेजारच्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझा बाप का रं गड्या? लय झकास वाकतोय!"

ते वाक्य माझ्या कानात शिरलं आणि मी उठलो. कसा चढलो वर, आठवत नाही. गुडघा फुटला होता, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आबाच्या काखेत हात घातला आणि म्हणालो, "उठा. उठा, आबा."

मालक दात आवळून म्हणाला, "हळद्या, खाली उतर. खेळ चाललाय."

"माझं नाव हळद्या न्हाई."

आणि मी माझं पुरं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, गावासकट, ओरडून. लोकांना वाटलं, हेपण नाटकातच आहे. ते हसले. एकानं त्यालाही वन्स मोअर दिला.

आबानं शाल उतरवली, घडी घातली, फळ्यांवर ठेवली, वर नारळ ठेवला. घाई केली नाही. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर पडलो.

आबा पुढं, मी मागं, असे स्टेशनवर आलो. गाडी लागली. चढला, आणि दारात उभा राहून म्हणाला, "पाटलानं तीन म्हैनं मीठ तोडलं, तरी वाकलो न्हाई. तुझ्या एका शब्दापायी वाकलो."

गाडी गेली. त्याला वर्ष झालं. गावी गेलो की आबा बोलतो, पण गुराढोरांचं, पाऊसपाण्याचं. ट्रंकेच्या झाकणाचा फोटो मी त्याच दिवशी खरवडून काढला. तिथं आता डिंकाचा डाग आहे. मला स्वस्थ बसवत नाही. पोतं शिवताना सुई हातात घुसते. बाजारातून जाताना टारगट पोरं आम्हा हमालांना ओरडतात, "ए, जोहार घाल की! कुत्र्याला घाल!" त्यांनी येसकर कधी बघितलाय? त्यांनी नाटक बघितलंय.

परवा वखारीच्या भिंतीवर जाहिरात चिकटली. कंपनी परत आलीय. तेच नाटक. मी बिऱ्हाडावर गेलो. दाराशी ताटकळलो नाही, सरळ आत गेलो. म्हणालो, "तो जोहार काढून टाका."

त्यानं ओळखलं. चिडला नाही, हेच वाईट. समजूत घातल्यासारखा म्हणाला, "अरे, लोकांना आवडतं ते. आणि नाटकात राजासुद्धा मरतो. राजे येतात का माझ्याशी भांडायला?"

"राजाला दुसऱ्या दिवशी बाजारात कुणी म्हणत न्हाई, ए, मरून दाव की," मी म्हणालो.

तो आरशाकडं वळला. "जोहार राहणार," म्हणाला.

ठीक. राहू दे.

आम्ही वखारीतल्या अकरा जणांनी येत्या रविवारची पिटाची तिकिटं काढलीत. पहिला बाक. काल गावी जाऊन आबाला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल, मीबी येतो. तो म्हणाला, "मला बलवू नगंस. म्या पाटलापुढं उभा ऱ्हायलो तवा कुणाला संगं न्हेलं न्हवतं. तुझं तू बघ."

त्याचं बरोबर आहे. माफी मागायची राहिलीय, पण ती तोंडानं मागून भागणार नाही.

रविवारी तो काजळी फासून येईल. सावकारापुढं वाकेल, पगडीपुढं वाकेल. तो पहिल्यांदा वाकला की आम्ही अकरा जण उभे राहणार. मागचे ओरडतील, खाली बसा, दिसत नाही. ओरडू देत. मॅनेजर येईल, पोलीस बोलावतील. माझ्याबरोबरचे दहा बसले तरी चालेल. तो वाकणं थांबवेपर्यंत मी खाली बसणार नाही.