मल्हारीअण्णांची कंपासपेटी

हे मी लिहावं की नाही, याचा पुष्कळ दिवस विचार करत होतो. आमच्या घरात सही करण्यापलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच. वडील होसकोट्याहून बैलगाडीनं भाजी घेऊन बंगळूरच्या बाजारात यायचे. त्यांना सहीही येत नव्हती. माझी शाळा कानडीत झाली, मराठी घरात ऐकून आली. तेव्हा एखादं वाक्य वाकडं गेलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. मल्हारीअण्णांवर माझ्यापेक्षा जाणतं कुणीतरी लिहील म्हणून मी वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही. म्हणून हे धाडस.

अण्णांची एक सवय चारचौघांत लाज आणणारी होती. कुणाच्याही घरी चहा झाला की ते कप पालथा करून त्याच्या तळाशी काय छापलंय ते वाचायचे. नुसतं वाचून थांबायचे नाहीत, मोठ्यानं सांगायचे. "जपान." मग घड्याळाकडे मान वळवून, "ते स्विस असणार." मग यजमानांकडे बघून हसायचे, "आणि तुम्ही कुठले?" कपात राहिलेला थेंबभर चहा बशीत सांडलेला असायचा आणि तुळजक्का, म्हणजे त्यांची बायको, पदरानं तोंड झाकून बसलेली असायची.

यशवंतपुरात घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. सरकारी कारखान्यातली अवजारं घडवायची पक्की नोकरी सोडून तिथे ते कंपासपेट्या बनवत. ड्रॉइंगला लागणारा कंपास, डिव्हायडर, रेघा मारायचं पेन, सगळं पितळेचं, वर निकेलचा मुलामा. पेटीच्या आत तुळजक्कानं शिवलेलं निळं मखमली अस्तर. आणि प्रत्येक कंपासच्या पायावर बारीक इंग्रजी अक्षरांत ठसा: मेड इन बंगलोर.

त्यांची माझी पहिली भेट झाली तीच या ठशावरून. मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजात सगळ्यांनी बजावलं होतं की पेटी जर्मनच घे. वडील मला घेऊन लांबच्या नात्यातल्या अण्णांकडे आले. राहायला खोली मागायची होती. ती मिळाल्यावर वडिलांनी भाबडेपणानं विचारलं, "अण्णा, पोराला जर्मन कंपासपेटी पाहिजे. कुठे मिळंल?"

अण्णा आत जाऊन एक पेटी घेऊन आले आणि वडिलांच्या हातात ठेवली. वडिलांनी कंपास काढला, उघडला, मिटला. चेहरा खुलला. मग तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "काय लिवलंय रं?" मी वाचलं. वडिलांचा चेहरा पडला. "म्हंजे... आपलीच?"

अण्णा खो खो हसले. "बघा मामा! वाचता येत नाही त्याला सुद्धा वाचून घ्यावंसं वाटतं. हीच माझी साडेसाती." पण त्या हसण्याचा शेवट खोकल्यात झाला, आणि तो खोकला बराच वेळ थांबला नाही.

मी तीच पेटी वापरली. ती निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. महिन्याभरानं कंपासचा स्क्रू सैल व्हायचा आणि वर्तुळ मिटताना टोकं चुकायची. मी भीतभीत तसं सांगितलं तेव्हा अण्णांना एवढा आनंद झाला की मला काही कळेना. त्यांनी अक्काला हाक मारली. "तुळजे, ऐकलंस का? याचा स्क्रू सैल होतोय! कुणीतरी वापरून सांगितलं गं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, वापरून कुणी शिव्या दिल्या तर मी त्याचे पाय धरीन. इथे लोक कंपास उलटवतात, वाचतात आणि ठेवून देतात. खोट काय ते कळायला आधी घ्यायला नको का?" त्या पावसाळ्यात त्यांनी स्क्रूचे आटे बदलले. पुन्हा बदलले. माझा कंपास मग शेवटपर्यंत सैल झाला नाही. पण हे चिकपेटेच्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला कसं कळणार? त्याचा हात ठशापाशीच थांबत होता.

एकदा मल्लेश्वरमला एका पुण्याच्या साहेबांकडे मी अण्णांना घेऊन गेलो. साहेब यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आमच्या कॉलेजात भाषण द्यायला आले होते. देशी यंत्रांवर ते असं काही बोलले की मला वाटलं, अण्णांचा माणूस हाच. खादीचा सदरा, टेबलावर आमची पेटी. साहेबांनी कंपास फिरवून पाहिला, नखानं टोक तपासलं.

"वा! फिनिश उत्तम आहे हो. खरंच उत्तम." मग ठसा दिसला. "अच्छा. लोकल."

"होय, साहेब. तुमच्या यंत्रांसारखीच," अण्णा म्हणाले.

साहेब मोकळेपणानं हसले. "तसं नाही, राव. यंत्राचं वेगळं. पण प्रिसिजनला, तुम्हाला सांगतो, जर्मनला तोड नाही. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसरं चालतच नाही. तुम्ही शाळांना का नाही देत? शाळेच्या पोरांना चालेल."

मी मान खाली घातली, कारण आता काय होणार ते मला माहीत होतं. अण्णांनी कप उचलला, पालथा केला, वाचला. आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत बशीत ठेवला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "सरी, कळलं. खादी अंगावर असली की देशभक्ती होते. ड्रॉइंगच्या पाटावर होत नाही."

माल विकायचा असेल तर चिकपेटेतल्या शेट्टरूंशिवाय मार्ग नव्हता. स्टेशनरीचं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा. दरवेळी तेच सांगायचा, "अण्णा, ठसा नको हो. कोरा ठेवा. बाकी आम्ही बघतो." बाकी म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाइकानं विचारलं की नोकर आवाज खाली आणून "जर्मन" म्हणणार.

शेवटी सरकारनं परदेशी मालाची आयात आवळली. ब्लेडपासून घड्याळापर्यंत सगळं दुर्मिळ झालं. ती बातमी मी धावत शेडमध्ये आणली. अण्णांनी लेथ थांबवला, हात पुसले आणि अक्काला गोडाचा केसरीभात करायला सांगितला. "आता काय करतील? आता उलटवून बघितली तरी हीच मिळणार!" आम्ही तिघांनी त्या दिवशी शेडमध्येच पानं मांडली.

आठवड्याच्या आत शेट्टरू स्वतः मोटारीनं यशवंतपुरात आले. अण्णांनी खुर्ची पुसली. शेट्टरूंनी असतील नसतील तेवढ्या पेट्या मागितल्या. अण्णा माझ्याकडे बघून डोळा बारीक करून हसले. तेवढ्यात शेट्टरू म्हणाले, "फक्त तेवढं, अण्णा. कोऱ्या."

"आता कशाला कोऱ्या? जर्मन तर येतच नाही."

"येत नाही म्हणूनच तर," शेट्टरू समजूत घालत म्हणाले. "येत होतं तेव्हा लोक विचारत होते. आता शोधतात. स्वल्प समजून घ्या. मिळत नाही त्याच्यावरच माणसाचा जीव. तुमचा ठसा दिसला की म्हणणार, हं, नाइलाज झाला म्हणून ही काढली."

अण्णांनी मानेनंच नकार दिला. शेट्टरू चहा न घेता गेले. मला आजही राग येतो तो त्या माणसाचा नाही. तो बरोबर बोलत होता याचा.

मोटार वळणाआड गेल्यावर तुळजक्का बाहेर आली. अस्तर शिवून शिवून तिच्या बोटांची सुयांनी चाळण झाली होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "देवाच्या मूर्तीवर सुद्धा घडवणाऱ्याचं नाव नसतं. तुमचंच मोठं लागून गेलंय?"

"माझं नाव कुठे घातलंय मी?" अण्णा म्हणाले. "गावाचं घातलंय. माझं असतं तर केव्हाच खरवडून काढलं असतं."

"मग गावाला सांगा शेड चालवायला."

अण्णा लेथकडे वळले. शिकून माझा काय उपयोग, असं मला त्या दिवशी फार वाटलं. मी वर्गातल्या मित्रांकडे पेट्या नेल्या. ज्यांनी माझीच पेटी मागून घेऊन परीक्षेची ड्रॉइंग काढली होती, तेही म्हणाले, "तुझी चांगली निघाली रे. पण भरवसा काय?" एकानं सेकंडहँड जर्मन घेतली. तिचं एक टोक मोडलेलं होतं.

परीक्षा संपल्यावर मला उत्तरेकडे पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली. निघताना अण्णा शेडमध्येच होते. भिंतीला लागून भरलेल्या पेट्या रचलेल्या होत्या, छतापर्यंत. मी पाया पडलो. ते म्हणाले, "तिकडे ड्रॉइंग ऑफिस असेल ना? सांग त्यांना. आधी वापरू दे, मग उलटवून वाचू दे." मी सांगितलं. साहेबांना, कारकुनांना, खरेदीवाल्यांना. सगळे पेटी हातात घ्यायचे, फिरवायचे आणि विचारायचे, "बंगलोर? तिथे हे होतं?" होतं, असं मी किती तावातावानं म्हणत असे! त्यावर ते फक्त हसत. अण्णांना दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. अक्काला लिहिता येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या खात्यात यशवंतपूरचा नरसिंह म्हणून एक जण बदलून आला. अण्णांच्या शेडच्या मागच्याच गल्लीतला. पहिल्याच दिवशी मी त्याला चहाला नेलं आणि विचारलं. तो गडबडला.

"तुम्हाला कळवलं नाही कुणी? मल्हारीअण्णा गेले. दोन वर्षं होतील. छातीतच होतं त्यांचं."

"आणि शेड?"

"शेड आहे की. शेट्टरूंच्या भाच्यानं घेतली. लेथ, साचे, सगळा जुना माल. कामाला माणसं ठेवलीत. अक्का अजून अस्तर शिवते, आता त्यांच्याकडे."

"ठसा?"

"तो नको म्हणाला. होत्या त्या पेट्यांतल्या कंपासवरचा सुद्धा घासून काढून घेतला." नरसिंहनं कप खाली ठेवला. "खप फार आहे हो."