चांगुणाबायचा आवाज टेपवर उमटला नाही

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. आयुष्यभर आवाजाच्या यंत्रांत काम केलं... वायर सुटली की आवाज जातो, जोडली की येतो, एवढंच मला कळतं. तरीही हे सांगतोय, आणि सांगताना मान वर होत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही पार्ल्याला राहायचो आणि मी अंधेरीच्या एका स्टुडिओत साउंड डिपार्टमेंटला उमेदवारी करत होतो. माझे साहेब, गुप्ते, सुट्टीच्या दिवशी स्वतःचा टेपरेकॉर्डर घेऊन लोकगीतं गोळा करायला निघायचे आणि मला बरोबर न्यायचे. माइक कुठे धरायचा, टेप ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने कशी जोडायची, सगळं त्यांनीच शिकवलं. "खोकला काप रे, पण श्वास कापू नकोस," म्हणायचे.

एका रविवारी आम्ही वेसाव्याच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे चांगुणाबाय म्हणून धवलारीण होती. धवलारीण म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, धवले, गाऊन विधी लावणारी बाई. ती एक ओळ म्हणणार, मग बाकीच्या बायका ती उचलणार. तिचा आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला. ज्या घरात वीज होती तिथल्या ओटीवर सगळ्यांना बसवलं. हेडफोनमधून मी तिला स्वच्छ ऐकत होतो. मशीनवरचा आवाज दाखवणारा काटा हलत होता — शपथेवर सांगतो, हलत होता.

गाणं संपेपर्यंत अख्खी आळी जमली. "आमाला आयकव ना रं!" मी टेप मागे फिरवून लावली.

कोंबडा आरवला. एक मूल रडलं. चांगुणाबायच्या बांगड्या वाजल्या. आणि तिची ओळ यायला हवी तिथे... काहीच नाही. मग बायकांनी ओळ उचलली. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा बायका.

साहेबांनी माइक बदलला, टेप बदलली, तिला एकटीला गायला लावलं. टेपवर नुसत्या बांगड्या आणि श्वास.

तिच्या शेजारच्या बाईने आपलं मूल हळूच उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. चांगुणाबायला ते दिसलं. तिने मला विचारलं, "पोरा, माजा गला कुठं गेला?"

"मशीन बिघडलंय, मावशी," मी म्हणालो.

मागून कोणीतरी बोललं, "मंग आमचा कसा बरा आला?"

लग्नसराई सुरू झाली, पण तिला बोलावणी येईनात. जिचा आवाज उमटत नाही ती बाई जिती कशी, अशी कुजबुज. शेवटी तिचा मुलगा नारायण स्टुडिओच्या गेटवर येऊन उभा राहिला. "आई जेवत नाय. तुमीच काय ते करा."

साहेब म्हणाले, "रिकाम्या जागा आहेत ना? भरू."

माझी ताई गायची. तिला बायकांच्या ओळी ऐकवून चाल शिकवली. "अरे, त्यांचा गळा कुठे, माझा कुठे! लोक काय बहिरे आहेत?" ती म्हणाली. "तू गा तर खरं," मी म्हणालो. तिने गायलं. मी बसून एकेक तुकडा कापला, जोडला. सांधा कुठे ते साहेबांनाही ओळखता येईना. "झकास," म्हणाले.

त्याच ओटीवर टेप वाजवली. ताईचा बारीक, पार्लेकर आवाज, 'ळ' स्वच्छ 'ळ'. आता पकडले जाणार, असं वाटलं. पण सगळ्यांत आधी एक म्हातारीच ओरडली, "ह्योच! ह्योच चांगुणाचा गला!" मग सगळेच. नारायण तर रडायलाच लागला. एकालाही शंका आली नाही.

गावच्या पाटलांनी तिलाच विचारलं, "काय गं, तुजाच ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"माजाच," ती म्हणाली.

काही दिवसांनी पाटील स्टुडिओत आले. मुलीचं लग्न होतं. मी खुशीत विचारलं, "चांगुणाबायना बोलवलंत ना?"

"बोलवलीय तर. पन गानं मशीनवर लावू. येकदम बेस येतं."

साहेबांना जमत नव्हतं, म्हणून मी गेलो. भर दुपारी, मांडव माणसांनी भरलेला. चांगुणाबाय ओळ उचलणाऱ्या बायकांत, मागच्या बाजूला बसली होती. ताईच्या आवाजाने ओळ दिली, बायकांनी उचलली, तिचेही ओठ हलले. मला ते बघवेना. मी स्विच फिरवला. "बंद पडलं," म्हणालो. "मावशी, आता तुम्ही म्हणा."

सगळे वळले. तिने पदर सावरला, डोळे मिटले, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ शब्दाशब्दाला हलत होते... आणि आवाज नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बांगड्या ऐकू आल्या, श्वास ऐकू आला. बस्स.

तिने तोंड मिटलं. मग साध्या बोलण्यातल्या आवाजात, अगदी हळू म्हणाली, "चालू कर, पोरा. मुहूर्त टलंल."

मी चालू केलं.

ती पुढेही बोलायची, हाका मारायची, पण गाणं पुन्हा कधीच आलं नाही. साहेब म्हणाले, धसका घेतला असेल. असेलही. पण त्या पहिल्या रविवारी ती मोकळ्या गळ्याने गात होती, मी कानांनी ऐकलं होतं. तेव्हा तिला कसलाच धसका नव्हता... मग टेपवर का आली नाही? मला नाही सांगता येत.