पोलादपूरमार्गे आत्याच्या मचूळ विहिरीवर

"तुझं मशीन खारं पानी देतंय गो," असा आत्याचा फोन आला तेव्हा मे अर्धा सरला होता आणि मला आठवड्याची सुट्टी नुकतीच मंजूर झाली होती. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते. त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी जगातल्या प्रत्येक नळाला मीच जबाबदार! पण हे मशीन खरंच मी बसवलेलं. आत्याची वाडी महाडजवळ, सावित्रीच्या खाडीकाठी. उन्हाळ्यात नदी आटली की भरतीचं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. आत्याला रक्तदाब आहे, डॉक्टरांनी ते पाणी बंद करायला सांगितलंय. तिच्या मुलाने, सुधीरदादाने, यंदा निर्वाणीचं सांगून टाकलं होतं की मशीन चालत नसेल तर घराला कुलूप आणि आत्या कळंबोलीच्या फ्लॅटमध्ये. त्या फ्लॅटच्या नुसत्या विचाराने आत्याला रडू येतं. चुलीत गेली सुट्टी, म्हटलं आणि निघाले.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे सरळ महाडला येता येतं. पण गाडी मंदार, म्हणजे माझा नवरा, चालवत होता आणि त्याला महाबळेश्वरमार्गे जायचं होतं. मे महिन्यात असा विचार करणाऱ्यांनो, करू नका. निम्मा महाराष्ट्र तिथे आइस्क्रीम खात रस्त्यात उभा असतो. पुढे आंबेनळी घाट सुंदर आहे, असं मंदार म्हणतो. मी डोळे मिटून होते. पेट्रोल वरच भरून घ्या, आणि समोरून एसटी आली की मुकाट्याने कडेला थांबा.

पोलादपूरला स्टँडजवळ वडापाव खाल्ला. गरम, झणझणीत, दोघांचं शंभरात भागलं. वडापावच्या गाडीवाल्याने बजावलं, "म्हाडचा फाटा बघून ठेवा हां, चुकला तर वळायला लांब जावं लागंल." मंदारने मान डोलावली आणि फाटा चुकवला. वळून येईपर्यंत औद्योगिक वसाहतीची पाळी सुटली होती. बस आणि मोटारसायकलींच्या गर्दीतून वाडीवर पोचायला संध्याकाळ झाली.

आत्याने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. भाकरीच्या पिठात तिने मीठ घातलंच नव्हतं, विहिरीच्या पाण्यानेच ती खारट झाली होती. मी जेवण उरकून तशीच मशीनकडे गेले.

मशीन ठणठणीत होतं, फिल्टर तेवढा बदलायला झाला होता. विहिरीचं पाणीच गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी खारट झालं होतं. या मशीनमध्ये पाणी जोराने एका बारीक पडद्यातून दाबतात. थोडं गोडं होऊन पलीकडे जातं, उरलेलं आणखी खारट होऊन वेगळ्या नळीने बाहेर पडतं. ती नळी मी खाडीच्या उताराकडे सोडली होती. आता तिथे नव्हती. शोधत गेले तर घराला वळसा घालून, व्यवस्थित पुरून, ती थेट विहिरीत उतरवलेली!

"हे कुणाचं डोकं?" मी ओरडलेच.

"माझंच की," शेजारचे दत्तूकाका कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "ऐन मे म्हैन्यात एवढं पानी उताराला सोडायचं? एक थेंब वाया जाऊ दिला नाय."

"विहिरीचं पानी विहिरीतच गेलं गो," आत्या म्हणाली. "त्यात काय वाकडं झालं?"

या उरलेल्या खारट पाण्याचं करायचं काय, यावर आमच्या कंपनीत बैठकांवर बैठका होतात. दत्तूकाकांनी तो प्रश्न एका दुपारीत निकालात काढला होता. माझं डोकं तापलं होतं. "आत्या, आमटी आटवत ठेवलीस तर मीठ कुठे जातं?"

"म्हंजे विहीर मीच खारट केली?" असं म्हणून आत्या पायरीवर बसली. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा फिल्टर आणायला महाडच्या बाजारात गेलो. ऐन दुपारी पोचल्याने दुकान बंद, मालक जेवायला. चवदार तळं पाहून येऊ, असं मंदार म्हणाला, तर मी त्याच्यावरही खेकसले. दुकान उघडल्यावर फिल्टर घेऊन परत आलो आणि पंप लावून विहीर सावकाश उपसली; घाई केली तर खाडीचंच पाणी आत ओढलं जातं. झिरपून नवं पाणी आलं तेव्हा खारेपणा मोजायच्या मीटरचा आकडा उतरला आणि मशीनने गोडं पाणी दिलं. आत्याने घोट घेतला.

"चवच नाय याला."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात सुधीरदादाचा फोन आला. आत्याने तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. "चालतंय मशीन. गोडं पानी हाय, अगदी चवदार. तू तुझं घर सांभाळ."

परतताना हट्टाने ताम्हिणीतून आले. रायगड राहिला, चवदार तळं राहिलं, कंबर मात्र धरली. फिरायला जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावं आणि नात्यात कुणाची विहीर नसावी.

आठवड्याने मी आत्याला फोन केला. "नळी उताराकडेच आहे ना? मशीन लावतेस ना रोज?"

"लावते गो. लावते नि पुढच्या पडवीत जाऊन बसते. ते पानी उताराला वाया जाताना बघवत नाय, भरून येतं." मग तिने आवाज बारीक केला. "सुधीरला बोलू नको हां. नायतर तेवढ्यावरनं येईल मला न्यायला."